पतंगांची मोजदाद आणि कपाशीचा हिशेब

श्रावण सरत आला की खानदेशात दिव्यांभोवती पतंगांची गर्दी होऊ लागते. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी रेल्वेच्या फलाटावर, बाजारपेठेतील दुकानांपुढे, शेतातील विहिरीवरच्या खोपीत, जेथे म्हणून एखादा दिवा रात्रभर जळत राहतो तेथे सकाळी मेलेल्या पतंगांचा सडा पडलेला असतो. केरसुणीने तो गोळा करून फेकून देण्यापलीकडे आपण त्याची दखल घेत नाही. वस्तुतः तो केवळ केर नव्हे. आदल्या रात्री भोवतालच्या शिवारात कोणते कीटक उडत होते आणि येत्या पंधरवड्यात कोणत्या पिकावर कोणते संकट येऊ घातले आहे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या सड्यात दडलेले असते. ते वाचण्याची, आणि वाचून लिहून ठेवण्याची तसदी कोणी घ्यायची, एवढाच प्रश्न आहे.

हा विषय कीटकशास्त्राचा आहे, अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात कशाला पडावे, असा आक्षेप येणे शक्य आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर व्यावहारिक आहे. जळगाव जिल्ह्यात कपाशीचा पेरा पाच लाख हेक्टरांच्या आसपास असतो. येथील जिनिंग, सरकीची पेंड, हमाली, दुकानदारी, मुलींची लग्ने आणि मुलांच्या महाविद्यालयीन फीसुद्धा दिवाळीच्या आगेमागे घरात येणाऱ्या कापसावर अवलंबून असतात. त्या कापसाचे भवितव्य जर एका बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या पतंगावर ठरत असेल, तर तो पतंग अर्थशास्त्राचाच विषय होय. दुसरे उत्तर तात्त्विक आहे. कीडनियंत्रणाचा आजचा सारा विचार ज्या कल्पनेवर उभा आहे, ती कल्पनाच मुळी खर्च आणि लाभ यांच्या तुलनेची आहे. तिच्याकडे पुढे वळू.

न दिसणारी अळी, दिसणारा पतंग

शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी हे नाव आज खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या किडीचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर लांबीचा असतो. तो दिवसा मातीच्या भेगांत, पालापाचोळ्यात दडून बसतो आणि रात्री उडतो. मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर एकेक किंवा थोडी थोडी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी फार वेळ उघड्यावर राहत नाही. ती फुलात किंवा बोंडात शिरते, आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. अळी ज्या फुलात असते त्याच्या पाकळ्या नीट उमलत नाहीत. त्यांची गुलाबाच्या कळीसारखी गुंडाळी होते. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरलेली अळी मात्र बाहेरून ओळखू येत नाही. बोंड हिरवेगार, टणक दिसते आणि आत सरकी पोखरली जात असते. वेचणीच्या वेळी बोंड फुटते तेव्हा कवडीयुक्त, पिवळट कापूस हाती येतो आणि मग सत्य कळते.

या जीवनक्रमात विषाची मात्रा लागू पडावी असा काळ फारच थोडा आहे. अळी बोंडात गेल्यावर केलेली फवारणी बोंडाच्या सालीवर पडते, अळीवर नव्हे. म्हणजे ज्या अवस्थेत कीड नुकसान करते त्या अवस्थेत ती दिसत नाही आणि सापडतही नाही. जी अवस्था दिसते व सापडते ती पतंगाची. पतंगांची संख्या वाढली की काही दिवसांत अंडी व अळ्या वाढणार हे ओघानेच येते. म्हणून पतंग मोजणे हा हौशी निसर्गप्रेमिकांचा छंद न राहता शेतीव्यवहाराचा भाग ठरतो.

ऑगस्ट-सप्टेंबर हे महिने या दृष्टीने निर्णायक आहेत. आपल्याकडे विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यात कपाशी लावण्याची जुनी रीत आहे. पावसावर पेरलेली कपाशी पात्यांवर येण्याच्या कितीतरी आधी ही बागायती कपाशी फुलावर येते. सुप्तावस्थेतून बाहेर पडलेल्या पहिल्या पतंगांना एरवी अंडी घालायला जागा मिळाली नसती. ते उपाशी, निष्फळ मेले असते. लवकरच्या फुलांमुळे त्यांची एक पिढी वाढते, आणि महिन्याभरात दुसरी पिढी कोरडवाहू कपाशीवर उतरते. मागच्या हंगामाची पऱ्हाटी शेतात उभी ठेवून फरदड घेतली असेल, किंवा जिनिंगच्या आवारात किडलेली सरकी पडून राहिली असेल, तर मूळ भांडवल अधिकच मोठे. पोळ्याच्या सुमारास सापळ्यात दिसणारी संख्या ही या भांडवलावरील व्याजाची पहिली नोंद असते. दिवाळीपर्यंत ते चक्रवाढीने वाढते.

मोजण्याचे साधन की मारण्याचे

पतंग मोजण्याची साधने दोन. प्रकाश सापळा म्हणजे एक दिवा, त्याखाली नरसाळे आणि नरसाळ्याखाली डबा किंवा साबणाच्या पाण्याचे घमेले. दुसरा कामगंध सापळा. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते तो प्रयोगशाळेत तयार करून रबराच्या छोट्या गोळीत भरतात. नर त्या वासाने येऊन पिशवीत अडकतात. शेंदरी बोंडअळीच्या या गंधाची नेमकी रासायनिक घडण १९७३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उलगडली आणि त्याला गॉसिप्ल्युर हे नाव मिळाले.

दोन्ही सापळ्यांचे गुण वेगळे आहेत. कामगंध सापळा एकाच जातीच्या नरांना बोलावतो, म्हणून त्याची मोजणी सोपी. प्रकाश सापळ्यात नर-माद्या दोन्ही येतात आणि अनेक जाती येतात: हिरवी बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी, पाने खाणाऱ्या अळ्यांचे पतंग, तसेच मोसंबीच्या फळात सोंड खुपसून रस शोषणारे मोठे पतंगही. पाचोरा-भडगाव-जामनेर पट्ट्यातील मोसंबीच्या बागाईतदारांना या शेवटच्या पाहुण्याची ओळख करून द्यायला नको. त्यांच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेल या बांधावरच्या वेलींवर वाढतात. असा सापळा साऱ्या शिवाराची हजेरी घेतो. त्यात निरुपद्रवी आणि उपकारक कीटकही सापडत असल्यामुळे तो रात्रभर न लावता संध्याकाळपासून तीन-चार तासच लावावा, अशी शिफारस आहे.

अलीकडे सौर प्रकाश सापळे बाजारात आले, त्यांची जाहिरात होते, क्वचित अनुदानही मिळते. परंतु त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी चुकीची आहे. सापळा म्हणजे कीड मारण्याचे यंत्र, असा समज रुजला आहे. डबा भरला की शेतकऱ्याला समाधान वाटते आणि तो डबा बांधाबाहेर रिकामा करतो. एका दिव्याने एकरातील कीड संपत नसते. तापमापी ताप उतरवीत नाही म्हणून कोणी ती निरुपयोगी मानीत नाही. सापळ्याचेही तसेच आहे. त्यातून निघणारा आकडा हे त्याचे खरे उत्पन्न. तो आकडाच फेकून दिल्यावर उरतो तो फक्त दिव्याचा खर्च.

आठ पतंग, तीन रात्री

१९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हॅगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक प्रबंध प्रसिद्ध केला. कीड दिसली की मारा, या तोवरच्या रीतीऐवजी त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: किती कीड असली म्हणजे तिला मारणे परवडते? किडीमुळे होणारे नुकसान आणि ते टाळण्यासाठी येणारा खर्च ज्या बिंदूवर समान होतात, त्या बिंदूच्या खाली फवारणी करणे हा तोटा आहे. आणि तो बिंदू गाठला जाण्यापूर्वी हालचाल करता यावी म्हणून त्याच्या थोडी अलीकडे इशाऱ्याची रेषा आखायची. कृषिखात्याच्या पत्रकांत तिला आर्थिक नुकसानीची संकेत पातळी म्हणतात. शेंदरी बोंडअळीसाठी ही पातळी ठरलेली आहे: एका कामगंध सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग, असे सलग तीन दिवस, किंवा शंभर फुलांत वा हिरव्या बोंडांत दहा किडलेली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात सीमांत खर्च आणि सीमांत लाभ यांची जुनी ओळख पटेल. उदाहरणादाखल समजा, एका एकराच्या एका फवारणीस औषध व मजुरी मिळून १२०० रुपये लागले आणि कापसाचा भाव क्विंटलला ७५०० रुपये आहे. म्हणजे ती फवारणी १६ किलो कापसाच्या किमतीची झाली. तिने १६ किलोंहून अधिक कापूस वाचणार असेल तरच ती करण्यात अर्थ आहे. भाव वाढला तर कमी कीडही मारणे परवडते. भाव पडला तर अधिक कीड सोसणे शहाणपणाचे ठरते. हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला कागद-पेन्सिलीशिवाय करता येतो. अडचण अशी, की हिशेबातील एक संख्या त्याच्याजवळ नसते. औषधाचा दर दुकानदार सांगतो, कापसाचा भाव बाजार सांगतो, पण शेतात पतंग किती आहेत हे कोणीच सांगत नाही. तो आकडा नसला की निर्णय भीतीवर होतो. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारायचे, दुकानदार म्हणाला म्हणून दोन औषधे एकत्र करायची.

भीतीवर झालेल्या निर्णयांची किंमत २०१७ साली महाराष्ट्राने मोजली. त्या वर्षी बोंडअळीने विदर्भापासून खानदेशापर्यंत कपाशी पोखरली, आणि त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती: दाट वाढलेली कपाशी, तीव्र औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव. परंतु जी फवारणी करण्याची गरजच नव्हती ती टळली असती, तर निदान तेवढा धोका तरी टळला असता.

चंद्र, पाऊस आणि वीज

मोजायचे म्हणजे नुसते डोके मोजून भागत नाही. जुने शेतकरी सांगतात की अमावास्येच्या आसपास कीड वाढते, आणि पोळ्याच्या अमावास्येनंतर कपाशीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. या सांगण्यात निरीक्षण आहे, पण ते तपासून घेतले पाहिजे. कारण अंधाऱ्या रात्री दिवा दुरून दिसतो आणि चांदण्यात तो फिका पडतो; साहजिकच पौर्णिमेच्या सुमारास प्रकाश सापळ्यात कमी पतंग येतात. याचा अर्थ शेतात पतंग कमी झाले असा नव्हे. भर चांदण्यातील पाच आणि अमावास्येचे पंधरा यांची तुलना करणाऱ्याने तिथीही लिहिली पाहिजे. पाऊस, वारा, ढगाळ हवा यांचेही तसेच.

आणखी एक गोष्ट आमच्या संख्याशास्त्राच्या तासाला फार उपयोगी पडावी अशी आहे. दिवा लावला आणि एकही पतंग आला नाही, तर वहीत शून्य लिहायचे. वीज गेली म्हणून दिवा लागलाच नाही, तर शून्य लिहायचे नाही. रकाना रिकामा ठेवून कारण लिहायचे. शून्य ही माहिती आहे, रिकामा रकाना म्हणजे माहितीचा अभाव. हा भेद न पाळल्यामुळे आपल्या कितीतरी सरकारी तक्त्यांचा बोजवारा उडालेला असतो.

अशी चिकाटीची मोजणी काय देऊ शकते हे इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे दिसते. सी. बी. विल्यम्स यांनी तेथील शेतावर १९३३ पासून सलग चार वर्षे प्रकाश सापळा चालवून पतंग मोजले. त्या वह्यांतील आकड्यांवरून संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९४३ साली जातींची विविधता मोजण्याचे सूत्र बांधले. (आमचे विद्यार्थी निर्देशांकाच्या प्रकरणात वाचतात ते फिशर निराळे, हे विचरण-विश्लेषणाचे जनक.) पुढे साठीच्या दशकात एल. आर. टेलर यांनी देशभर अशा सापळ्यांचे जाळे विणले. त्यांतील बहुतेक सापळे स्वयंसेवक सांभाळत आले आहेत. १९६८ ते २००७ या चाळीस वर्षांत ब्रिटनमधील मोठ्या पतंगांची एकूण संख्या २८ टक्क्यांनी घटली, हे या वह्यांमुळेच कळले. एका रात्रीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. चाळीस वर्षांच्या रात्री एकत्र आल्या की त्यांना इतिहासाचे मोल येते.

भडोचहून टेक्सासपर्यंत

शेंदरी बोंडअळीचाही इतिहास आहे आणि तो आपल्या शेजारून सुरू होतो. १८४२ साली भडोच येथे कपाशीवर सापडलेले नमुने विलायतेस पाठवले गेले आणि त्यांवरून सॉन्डर्स यांनी या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे सरकीबरोबर ही कीड इजिप्तला गेली, तेथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्सासमध्ये पोचली. अमेरिकेने तिच्याशी शंभर वर्षे झुंज दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. बीटी कपाशी, कामगंध, हंगामानंतर पऱ्हाटी गाडणे आणि विमानातून सोडलेले अब्जावधी वंध्य पतंग, असा तो चौफेर हल्ला होता. या साऱ्यांना जोडणारा धागा म्हणजे सापळ्यांतील नियमित मोजणी. कोठे किती पतंग उरले हे कळल्याखेरीज कोठे किती वंध्य पतंग सोडायचे हे ठरवता आले नसते.

आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे मिळे. ते कडेने लावायचे, म्हणजे बीटीला न सरावलेले पतंग तेथे वाढतील आणि किडीत प्रतिकारशक्ती फैलावणार नाही, असा त्यामागचा विचार. पण त्या ओळींत कीड लागणार, म्हणजे तोटा माझा आणि लाभ साऱ्या शिवाराचा. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकून दिले. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. प्रत्येकाने आपापल्या हिताचा हिशेब केला आणि सर्वांचे मिळून नुकसान झाले. गुजरातेत एका जनुकाच्या वाणाला न जुमानणारी अळी आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, त्यानंतर पाच-सहा वर्षांत दोन जनुकांचीही मातब्बरी संपली. एकाच पतंगाचा एका देशात निःपात झाला, आणि त्याच सुमारास त्याच्या माहेरी मात्र त्याने हाहाकार उडवला.

पंचनाम्याआधीची मोजणी

पीक बुडाल्यावर मोजण्यात आपण तरबेज आहोत. आणेवारी, पैसेवारी, पंचनामा या शब्दांनी आपली महसुली भाषा संपन्न झाली आहे. २०१७ नंतरही पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, कोणी किती द्यायचे यावर वाद झाले. नुकसान होण्यापूर्वी मोजण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. अगदीच काही झाले नाही असे नव्हे. २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर पुढच्या वर्षीपासून राज्य शासनाने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. ठरावीक शेतांत निरीक्षणे घ्यायची, ती संगणकावर चढवायची आणि तज्ज्ञांचा सल्ला शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचा, ही त्याची रीत निर्विवादपणे चांगली आहे. उणीव आहे ती वेगळ्या जागी. आकडा गावातून वर जातो आणि सल्ला वरून खाली येतो. गावाच्या हाती सल्ला पडतो, आकडा पडत नाही. ज्या माहितीवर आपला निर्णय अवलंबून आहे ती आपल्याच शिवारातून निघाली, हे शेतकऱ्याला जाणवत नाही. मग तो सल्ल्यापेक्षा दुकानदाराचा शब्द प्रमाण मानतो.

पतंगांची संख्या ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. एकाने मोजली तरी शंभरांना उपयोगी पडते, आणि शंभरांनी वापरली म्हणून कमी होत नाही. अशी वस्तू एकट्याने निर्माण करण्यात कोणाचाच फायदा नसतो, म्हणून ती निर्माणच होत नाही. बिगरबीटी पाकिटाचे जे झाले तेच येथेही होते. त्या वेळी मात्र शेतकऱ्याला नुकसान सोसायला सांगितले होते. येथे रोजचा अर्धा तास आणि एक वही एवढेच हवे आहे. हा भार उचलण्यास खेड्यापाड्यांतील शाळा-महाविद्यालयांइतकी योग्य संस्था दुसरी नाही.

तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने जुलैपासून डिसेंबरपर्यंत गावाच्या शिवारात एक प्रकाश सापळा आणि दोन-तीन कामगंध सापळे सांभाळावेत. विज्ञानाच्या शिक्षकाने ओळख शिकवावी, गणिताच्या शिक्षकाने सरासरी आणि आलेख. सुरुवातीस पाच-सहा जाती ओळखता आल्या तरी पुष्कळ. बाकीचे ‘इतर’ म्हणून मोजावेत. रोजचा आकडा तिथी व पाऊस यांसह वहीत चढवावा आणि सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा: काल रात्री किती, गेल्या तीन रात्रींची सरासरी किती, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, इशाऱ्याची पातळी आठ. ही पातळी कामगंध सापळ्यापुरती आहे हेही लिहावे, म्हणजे प्रकाश सापळ्याच्या आकड्याशी तिची गल्लत होणार नाही. कृषी कर्मचाऱ्यांनी येऊन वही तपासावी, तज्ज्ञांनी शंका निरसन कराव्यात.

यावर मुलांना शेतमजुरीला जुंपता काय, असे कोणी विचारील. खतावणीतील कोरडी उदाहरणे सोडवून घेण्यापेक्षा आपल्या बापाच्या शेताचा खर्च ज्यावर ठरतो तो आलेख काढणे, हे शिक्षण कमी प्रतीचे नाही. शासकीय पैसा कोठून येणार, असेही कोणी म्हणेल. दिवा, नरसाळे, घमेले आणि काही कामगंधाच्या गोळ्या यांचा हंगामाचा खर्च काही थोड्या एकरांच्या टळलेल्या फवारणीतून भरून निघेल. खरी अडचण पैशाची नसून सातत्याची आहे. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, गणपतीत खंड पडतो, परीक्षेत वही हरवते. म्हणून वही व्यक्तीच्या नावावर न राहता संस्थेच्या दप्तरात राहिली पाहिजे, हजेरीपटासारखी. शिक्षक बदलून जातील, विद्यार्थी उत्तीर्ण होतील, वही राहील.

दहा वर्षांनी त्या वहीत पाचोरा तालुक्याच्या कपाशीचा असा इतिहास साठलेला असेल, जो आज कोणत्याही कचेरीत नाही. मे महिन्यातील लागवडीने किडीला किती बळ मिळते, फरदड थांबवलेल्या गावात पतंग खरोखर कमी झाले काय, या प्रश्नांवर तेव्हा मतांऐवजी आकडे बोलतील. तोवर शेतकऱ्याला एवढे जरी मिळाले, की पंप पाठीला लावण्यापूर्वी त्याने फळ्याकडे एक नजर टाकावी आणि आकडा पाहून प्रसंगी पंप परत खुंटीला टांगावा, तरी त्या वहीचे मोल फिटले असे म्हणावे लागेल.